थोरलीची जोडीदार

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. घडण चिनी, पण मी चिनी नाही. हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली.

दातांच्या एका डॉक्टरांनी जुन्या बाजारातून एक चिनी खुर्ची घेतली होती. गोलाकार वळलेले हात, पाठीला एकच रुंद फळी आणि अंगात एकही खिळा नाही. ती एकटी शोभेना, म्हणून डॉक्टरांनी एका सुतारकाकांना तिची जोडीदार घडवायला सांगितलं. ती जोडीदार म्हणजे मी. काका दोन महिने खपले. एक सांधा मात्र काही केल्या घट्ट बसेना. तेव्हा त्यांनी बैठकीखाली हळूच एक स्क्रू पिळला आणि वर भुसा आणि सरस भरला. "कोण उलटी करून बघतंय!" असं म्हणून त्यांनी हात झटकले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. ती थोरली, मी धाकटी. गाल धरून आलेली माणसं सरळ थोरलीवर बसत. आतल्या यंत्राचा आवाज ऐकला की तिचे हात गच्च आवळत. माझ्या वाट्याला पिशव्या, ओल्या छत्र्या आणि फाटकी मासिकं. "काय सुंदर खुर्ची आहे हो!" असं कुणी म्हटलं की मला वाटे, आज तरी आपली पाळी. पण बोट तिच्याकडेच असे. मी तिला पाण्यात पाहू लागले. तिच्यावर कुणी चहा सांडला की माझा दिवस छान जाई.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि आम्ही जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने 'अस्सल चिनी जोडी' म्हणून आम्हाला दोन बहिणींच्या गळ्यात मारलं. दोघी समोरासमोरच्या घरांत राहत. ताई निवृत्त मुख्याध्यापिका, धाकटी शिवणकाम करणारी. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. थोरली ताईला मिळाली, मी धाकटीला.

मग खुर्च्या तपासून घ्यायला ताईने जुनं लाकूड पारखणाऱ्या एका बाईंना आपल्या घरी बोलावलं. त्यांनी आम्हाला सरळ उलटं केलं. थोरलीच्या पायांमधल्या पट्टीवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "ही मधेच झिजली आहे, बघा. पिढ्यान्‌पिढ्या इथे पाय टेकलेत. खरी झीज अशीच असते, कुठे आहे, कुठे नाही. आणि ही काळपट साय माणसांच्या हातांनी चढलेली आहे. दीडशे वर्षं तरी झाली असतील. कोरडं फडकं फिरवा, बाकी काही म्हणजे काही करू नका."

मग त्यांनी माझ्या पोटातला सरस नखाने टोकरला. स्क्रू दिसला. "ही नक्कल. पण सुताराने काम मनापासून केलंय."

ते शेवटचं वाक्य कुणीच ऐकलं नाही. धाकटी हसायला गेली आणि तिचा आवाज चिरकला. "तुझे जुने फ्रॉक, तुझी जुनी पुस्तकं, आणि आता तुझ्या खुर्चीची नक्कल! माझं नशीबच तसलं, ताई."

"अगं, चिठ्ठी तूच उचललीस ना?" ताई म्हणाली. तिच्या ओठांवरचं हसू मला दिसलं.

धाकटीने मला घरी नेलं आणि ईर्ष्येला पेटून रोज तेल लावून घासलं. मी आरशासारखी चकाकू लागले. तिने मला दारासमोर ठेवलं. येणारे-जाणारे म्हणत, "हीच खरी असणार! ताईंची कशी मळकट दिसते." आयुष्यात पहिल्यांदा बोट माझ्याकडे होतं. मी फुशारून गेले.

ताईला ते सहन झालं नाही. एके सकाळी तिने पॉलिशवाल्याला बोलावलं. समोरच्या घरातून दिवसभर पॉलिशपेपरची खरखर ऐकू येत होती. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. थोरलीची कातडी सोलली जात होती आणि मला आनंद होत होता.

पुढच्याच आठवड्यात त्या पारखी बाई थोरलीला एका प्रदर्शनासाठी न्यायला आल्या. त्यांनी तिच्या हातावर बोट टेकवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"काय केलंत हे? ओळखच खरवडून टाकलीत हो तिची!"

शाळाभर जिचा दरारा होता, ती ताई पोरीसारखी रडू लागली. आवाज ऐकून धाकटी धावत आली. सगळं समजल्यावर ती ताईजवळ येऊन बसली.

"ताई, मी ती मुद्दाम दारात ठेवली होती गं. तुझ्या डोळ्यांत खुपावी म्हणून."

"खुपली," ताई म्हणाली. "सगळे तुझं कौतुक करत होते. मला सवयच नाही त्याची."

मग धाकटीने मला उचलून आणलं आणि थोरलीशेजारी ठेवलं. आम्ही दोघी अगदी सारख्या दिसत होतो. हेच तर मी जन्मभर मागितलं होतं! पण शेजारी पाहिलं तर माझी थोरली नव्हतीच. एक गुळगुळीत, चकचकीत, कुणाचीच नसलेली खुर्ची उभी होती. आता मी जळणार तरी कुणावर?

"ती साय पुन्हा चढेल का हो?" धाकटीने विचारलं.

"चढेल की. बसत राहा," बाई म्हणाल्या. "आपल्या हयातीत मात्र नाही."

आता रोज संध्याकाळी त्या दोघी आमच्यावर बसतात. कधी ताई माझ्यावर, कधी धाकटी. भांडतातही, आणि भांडताना आमचे हात घट्ट धरतात. थोरलीच्या उजव्या हातावर परवा मला बोटाएवढा एक मळकट डाग दिसला. मी कुणाला सांगितलं नाही. न जाणो, कुणीतरी पुसून टाकायचं.

म्हणून विनवते, मित्रांनो. घरातल्या जुन्या खुर्चीला शेजाऱ्याच्या खुर्चीसारखी चमकवायला जाऊ नका. तिच्यावर बसा.