अकरा मुकी भुतं

हे कुणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या अकलेबद्दल मला शंका येईल. पण ज्या छापखान्यात मी तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले, तिथे भूतकथा लिहायला खुद्द भूत यायचं.

हे पुतणीला सांगितलं तेव्हा तिने पेन उचललंसुद्धा नाही. ही आमची मिठू. लहानपणी माझ्या गोष्टी ऐकून पांघरुणात शिरायची, आता भयकथा कशी बदलत गेली यावर प्रबंध लिहिते. घाबरायचं सोडून घाबरण्याचा अभ्यास करते म्हणा ना.

"काका, गंमत नको. सोमवारी प्रकरण द्यायचंय." आमच्या जुन्या मासिकाचे अंक तिने टेबलभर पसरले होते. "आधीच्या कथा बघा. पानोपानी काळोख, किंकाळ्या, रक्ताळलेले डोळे. आणि मग एकदम या अकरा. निनावी. यांत कुणी ओरडतच नाही." तिने वाचून दाखवलं, "'दिवा होता तसाच होता. फक्त रिकामी खुर्ची जराशी सरकली.' यानंतर सगळेच असं हळू आवाजात लिहायला लागले. भयकथा वळली ती इथे! पण माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, लेखक कोण ते कळत नसेल तर प्रकरण गाळून टाक. माझी दोन वर्षं गेलीत त्यात."

"अगं, लेखक कोण तेच तर सांगतोय!"

मग रीतसर सांगितलं. भूतकथा तेवढी छापायची शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. संपादकांच्या ड्रॉवरला कुलूप. तरी महिन्याच्या पहिल्या सकाळी ड्रॉवर उघडावा, तर आत नवी कथा, शाई ओली! सगळ्यांना संशय प्रूफं तपासणाऱ्या मास्तरांचा, मास्तरांना बाइंडरचा, बाइंडरला माझा. डबा खातानाही एकमेकांकडे तिरपं बघायचो. शेवटी मी शक्कल लढवली. संध्याकाळी जाताना खोलीभर पावडर भुरभुरली. सकाळी बघतो तर ड्रॉवरपासून दारापर्यंत पावलं. जाणारी. येणारं एकही नाही!

"पावडर कुणी टाकली म्हणालात?"

"मी."

"आणि सकाळी आधी कोण आलं?"

"मीच. छापखान्याची किल्ली माझ्याकडे असायची."

हे मात्र तिने लिहून घेतलं. मला ते आवडलं नाही. भुताची पावलं सोडली आणि किल्ली टिपून ठेवली? कुणाची शिकवण ही!

"अक्षर कसं होतं?"

"डावीकडे कललेलं. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने लिहील ना, तसं." बोललो आणि जीभ चावली.

"ते कागद कुठेत?"

"जुळवून झाले की जाळायचो. भुताचा कागद कुणी जपून ठेवतं का?"

"चोराच्या मनात चांदणं," ती पुटपुटली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की मीच स्वतःचे हात टेबलाखाली घेतले. आता हिचा विश्वास बसायचा तर एखादी खरी गोष्ट सांगणं भाग होतं. थापाड्याला तेवढा खर्च करावा लागतो.

"बये, तुझा काका खोटारडा नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मोडके खिळे वितळवायची एक कढई होती. त्या बारीक टाइपातल्या 'ळ'चा अख्खा कप्पा माझ्या हातून तिच्यात उपडा झाला. औषधाला एक 'ळ' उरला नाही! मालक असे तापट, की त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं. नवा टाइप येईपर्यंत मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मास्तरांनासुद्धा नाही. आता सांग, स्वतःची चूक अशी कोण सांगतो?"

मिठूने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, पोर विरघळली.

"नवा टाइप कधी आला?" तिने हळूच विचारलं.

"फेब्रुवारीत. थंडी सरताना."

"अकरावी कथा जानेवारीची आहे."

तिने पहिला अंक पुढे ओढला आणि ओळीवर बोट ठेवून खाली खाली जाऊ लागली. दुसरा अंक. तिसरा. चहावर साय धरली. मी उगाच खिडकी बंद केली, परत उघडली. अकराव्या कथेच्या शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं आणि ती इतक्या मोठ्यांदा ओरडली, की त्या अकरा कथांत मिळून तेवढा आवाज नसेल.

"काका, खोटं! साफ खोटं! अकरा कथांत एकही 'ळ' नाही! काळोख नाही, डोळे नाहीत, किंकाळी नाही. तुमची भुतं मुकी कसली, तुमच्याकडे त्यांना ओरडायला खिळे नव्हते! 'ळ' संपलाय हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. मग भुताला कुणी सांगितलं हो?"