दोनशे नऊ फ्रेम

बत्तिसाव्या फ्रेमला बेडकानं डावा पाय उचलायला हवा होता. त्यानं उचलला नाही. दीप्ती एक फ्रेम मागे गेली, मग पुन्हा पुढे. बेडूक हातात लिंबू धरून उभा होता. पन्नासाव्या फ्रेमलाही तसाच, शंभराव्यालाही तसाच. तिनं शेजारची खिडकी उघडून बटणांची यादी पाहिली. एकतिसाव्या ओळीपर्यंत नोंदी होत्या. त्यानंतर दोनशे चाळिसाव्या ओळीपर्यंत काही नव्हतं. दोनशे नऊ ओळी कोऱ्या.

तिनं दुसरा खेळ उघडला. तिथंही जिंकल्यानंतरच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये रविवारी दुपारचे पावणेतीन वाजले होते. पोरंपोरी येऊन बसत होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. व्यासपीठामागच्या फलकावर विषय लिहिला होता: ‘लहान-लहान खेळांचे संग्रह टासला चालतात का?’ त्याखाली तिच्या भावाचं नाव होतं. प्रशिक दाराजवळ कुणाशी तरी हात मिळवत होता. पहिल्या रांगेत आई, प्रेमिलाबाई, लग्नाकार्यातली साडी नेसून आणि मांडीवर डबा घेऊन बसली होती.

दीप्तीनं पेनचं टोपण काढलं, बसवलं, पुन्हा काढलं.

टास म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन. जुना खेळ संगणकावर चालवायचा, एका सेकंदाच्या साठ फ्रेम करायच्या आणि प्रत्येक फ्रेमला कोणतं बटण दाबलं जाईल ते बसून लिहायचं. ती यादी खेळाला दिली की तो न चुकता, शक्य तितक्या लवकर, आपोआप संपतो. बेडकाच्या संग्रहात चार-चार सेकंदांचे दीडशे खेळ होते. लिंबू झेल, पतंग काट, माशी हाकल. कोराडीच्या वीज केंद्रात दीप्ती पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. ड्यूटी संपवून क्वार्टरवर यायचं, केंद्रातून उडून कीबोर्डवर बसलेली राख रुमालानं पुसायची आणि फ्रेम लिहायला बसायचं, असं तिनं दोन वर्षं केलं होतं. राख दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच असे.

पाच दिवसांपूर्वी मनीषनगरहून प्रशिकचा फोन आला होता. “ताई, रिजेक्ट झाला. त्या गेमातच दम नाही.” जगभरचे असे रन तपासून प्रसिद्ध करणाऱ्या साइटनं तो परत पाठवला होता. तेव्हापासून ती आपल्याजवळच्या फाईलमध्ये चूक शोधत होती. गुरुवारी प्रयोगशाळेत सिलिकाचं एक रीडिंग तिनं तीनदा घेतलं. आकडा तिन्ही वेळा तोच आला, तरी तिला तो खरा वाटेना. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“काय पाहून राहिली वं ताई? साउंड चेक झाला का?” प्रशिक टेबलाशी आला.

“ही फाईल कोणी बदलवली?”

“बदलवली नाही, साफ केली.” तो हसला. “खेळ जिंकल्यावर तू उगाच बटनं दाबून ठेवली होती. लेफ्ट, लेफ्ट, राइट, खाली. कायच्यासाठी? जिंकला ना बेडूक, मंग उभा राहू दे त्याले. एवढा कचरा पाहून जज काय म्हणन?”

“हेच पाठवलं तू?”

“मंग?”

“मले विचारलं काहून नाही?”

“अवं, तू ड्यूटीवर होती. अन् तसाही तो गेम नुसता लकचा आहे. पहिले दोन बरोबर चालते, तिसऱ्यापासून गडबड. पतंग यायले पाहिजे तं माशी येते. मी तीनदा चालवून पाहिला.”

“तीनही वेळा माशीच आली?”

“हो ना.”

“तीनही वेळा तीच आली, तं लक कसं झालं ते?”

प्रशिकनं घड्याळ पाहिलं. “ताई, तू आता सायन्स नको शिकवू. दहा मिनिटं राहिले. मी इशारा केला का प्ले कर, बस.”

तो गेला. दीप्ती पडद्यावरच्या कोऱ्या ओळींकडे पाहत राहिली.

त्या जुन्या खेळात नाणेफेक नव्हती. पहिले दोन खेळ ठरलेलेच असत; त्यापुढचा प्रत्येक खेळ तो आधी दाबलेल्या बटणांवरून ठरवत असे. बेडकानं लिंबू अर्ध्या सेकंदात झेललं तरी चार सेकंद पुरे झाल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. पण त्या उरलेल्या दोनशे नऊ फ्रेमांत बटणं कशी दाबली यावर पुढे पतंग येणार की माशी, हे ठरायचं. जिंकून झालेला खेळ पुन्हा न येता दीडशेही लवकर संपवायचे, तर दर वेळी नवा खेळ इथूनच आणावा लागे. एकेका जागी तिनं शेकडो जुळण्या करून पाहिल्या होत्या. हवा तो खेळ आणणाऱ्या जुळण्यांतून मग ती अशी एक निवडायची, जिच्यात बेडूक पाहण्यासारखा हलेल. दोन वर्षं त्यात गेली होती. लिंबू झेलणं कुणालाही जमलं असतं.

याआधीचे तिचे तीन रन प्रशिकच्या नावानं प्रसिद्ध झाले होते, तरी पुढचा खेळ असा ठरतो हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

तिला वाटलं होतं की त्यानं रन बिघडवल्याचा आपल्याला राग आला आहे. तो तर होताच. पण त्याच्याखाली दुसरा, जुना राग होता. पहिल्या रनच्या वेळी साइटवरचं खातं प्रशिकनं उघडलं होतं. “पुढच्या वेळी तुझं नाव टाकू ना ताई.” दुसऱ्या वेळी त्याची मिहानमधल्या कंपनीत मुलाखत होती आणि त्यानं ते रन आपल्या बायोडेटात लिहून टाकले होते. तिसऱ्या वेळी सोयरीक जुळली होती आणि मुलीकडच्यांना सांगून झालं होतं. दर वेळी आई म्हणाली, “लहान आहे तो. घरातलंच आहे नं, राहू दे.” दर वेळी बोलणं घरीच झालं आणि घरीच संपलं. नाव बदलून द्या, अशी साइटला लिहिलेली चार ओळींची मेल दीप्तीच्या फोनमध्ये दोन वर्षांपासून न पाठवलेली पडून होती.

प्रयोगशाळेत बाटली नीट धुतलेली नसेल तर वहीत ‘नमुना रद्द’ असं लिहितात. पाणी खराब आहे, असं लिहीत नाहीत.

तीन वाजता कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारी वेदिका माइक घेऊन पुढे आली. “प्रशिक सर आपल्या नागपूरचे. त्यांचे तीन रन जगभर पाहिले गेलेत. आणि लॅपटॉपवर आज त्यांना मदत करतायत त्यांच्या ताई.”

टाळ्या पडल्या. आईनं डबा काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

प्रशिक चांगलं बोलायचा, हे दीप्तीला मान्य होतं. तो पोरांना हसवत होता, नावं विचारत होता. “आता मेन मुद्दा. असे गेम टासले चालत नाहीत. काहून? पहिलं, टाइम फिक्स आहे. तुम्ही काम अर्ध्या सेकंदात करा का तीन सेकंदात करा, गेम चारच घेणार. मंग मेहनतीचा फायदा काय? नुसती वाट पाहाची! सरकारी ऑफिसातल्यावानी.” हॉल हसला. “अन् दुसरं म्हणजे लक. दोन वर्षं गेले आमचे याच्यात. पण गेमच तसा आहे, आपण काय करणार? ताई, प्ले कर.”

आमचे. दीप्तीनं प्ले केलं.

बेडकानं लिंबू झेललं आणि तो उभा राहिला. दुसऱ्या खेळात मडकं भरलं आणि पुन्हा उभा राहिला. तिसऱ्यात माशी आली आणि बेडूक पतंगाचा मांजा ओढल्यासारखे हात हलवू लागला. माशी त्याच्या नाकावर बसली. चौथ्या खेळात तो भिंतीवर आपटत राहिला, पाचव्यात नुसता वर पाहत राहिला. सहाव्यात पडदा काळा झाला. पोरं हसत होती. दीप्तीनं खाली पाहिलं. तिच्या तळहातावर पेनच्या टोपणाचा गोल ठसा उमटला होता.

“पाहा,” प्रशिक म्हणाला. “याले म्हणते लक.”

मागून एक हात वर झाला. तिशीतला माणूस होता, शर्टाच्या खिशाला बारीक स्क्रू-ड्रायव्हर लावलेला. “सर, मी विक्की. जुन्या गेमांच्या मशिनी दुरुस्त करतो. एक डाउट आहे. मशीन तेच, बटनं तेच. मंग लक कुठून येते?”

“जुनी मशीन आहे ना भाऊ.”

“जुनी आहे म्हणूनच तं विचारून राहिलो. जुन्या मशीनले लक-बिक समजत नाही. तिले बटन समजते. नवीनवाल्या करते नखरे.”

या वेळचं हसू प्रशिकच्या बाजूचं नव्हतं. “चांगला क्वेश्चन आहे,” तो म्हणाला आणि पाण्याची बाटली उचलली.

दीप्तीनं पर्समधून क्वार्टरच्या किल्ल्या काढल्या. त्याच कडीत तिचा पेनड्राइव्ह होता. तो प्रशिकच्या लॅपटॉपला लावला. फाईल जागेवर होती, शेवटच्या बदलाची तारीखही तिनं काम संपवलं त्या दिवसाचीच.

“ताई, काय करून राहिली?” प्रशिक माइक बाजूला धरून म्हणाला.

तिनं प्ले केलं.

बेडकानं लिंबू झेललं. बत्तिसाव्या फ्रेमला डावा पाय उचलला. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, मग चट्‌दिशी बसला आणि मान वळवून मागे पाहिलं. चार सेकंद संपले. मडकं भरलं, पुन्हा दोन डावीकडे, एक उजवीकडे. तिसऱ्या खेळाला पतंग आला. बेडकानं तो काटला आणि उरलेल्या वेळात मांजा कमरेला गुंडाळून नाचला. एक हसला, मग तीन-चार हसले. सातव्या खेळापर्यंत पोरं मांड्यांवर ठेका धरत होती. बेडूक चुकत नव्हता आणि थांबतही नव्हता.

“अगं बाई!” पहिल्या रांगेतून आई मोठ्यानं म्हणाली. “हे तं बायजाबाईचं नाचणं!”

आजूबाजूच्या पोरी तिच्याकडे वळल्या. आई तोंडाला पदर लावून हसत होती. त्यांना सांगू लागली, “आमची आतेसासू होती. लग्न कोणाचंही असो, हळदीले पहिली नाचणार तेच. दोन पाय इकडे, एक तिकडे, मंग बसकण मारे अन् मागं पाहे, कोण पाहून राहिलं म्हणून. हुबेहूब तेच आहे पाहा!” मग ती व्यासपीठाकडे वळली. “प्रशिक, तुले कसं आठवते रे हे? ते गेली तवा तू तं पाळण्यात होता.”

प्रशिकनं हातातला माइक खाली घेतला.

आईचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, मग विझलं. तिनं पदर खाली घेतला आणि मान वळवून टेबलामागे बसलेल्या दीप्तीकडे पाहिलं. बायजाबाईच्या मागे मागे तीच पावलं टाकत फिरणारी आठ वर्षांची पोरगी घरात एकच होती.

दीप्तीनं खेळ थांबवला. बेडूक एका पायावर उभा राहिला.

“म्हणजे फाईल दोन होत्या,” विक्की मागून म्हणाला. “ह्या दुसरीत लक कुठं गेलं सर?”

वेदिका दुसरा माइक घेऊन व्यासपीठाच्या पायरीशी उभी होती. तिनं आधी प्रशिककडे पाहिलं, मग दीप्तीकडे.

प्रशिक टेबलावर वाकला. “ताई, घरी बोलू. प्लीज. आई बसली आहे इथं.”

“आईनंच सांगितलं सगळं,” दीप्ती म्हणाली आणि वेदिकापुढे हात केला.

माइक तिच्या अपेक्षेपेक्षा जड होता. तो एकदा किंचाळला. आवाज विरेपर्यंत ती थांबली.

“असे खेळ टासले चालतात,” ती म्हणाली. “आधी दाखवली ती फाईल खराब केलेली होती. गेम खराब नाही. जिंकल्यावर जो वेळ उरतो, त्या वेळात दाबलेल्या बटनांवर पुढचा खेळ ठरते. तीच बटनं काढून टाकली होती. हे ज्यानं लिहिलं त्याले हे माहीत असतं. ज्यानं काढलं त्याले माहीत नव्हतं.”

प्रशिक बाटलीचं झाकण लावत होता, ते आटे सोडून फिरत होतं.

“मंग लिहिलं कोणी मॅडम?” विक्कीनं विचारलं.

दीप्तीनं आईकडे पाहिलं. ‘राहू दे’ म्हणायला आईचे ओठ कसे हलतात, हे तिला पाठ होतं. ते हलले नाहीत. डबा घट्ट धरून आई नुसती ऐकत होती.

“मी,” दीप्ती म्हणाली. “आधीचे तीनही मीच लिहिले. नाव बदलायची मेल दोन वर्षांपासून लिहून ठेवली आहे. आज ती पाठवून राहिली.”