एका टाचणीत दोघे

एकाच नावाची माणसं जगात किती असावीत याला काही धरबंध नाही. चरित्रकोशाच्या कचेरीत एका नावाचे पाच जण तर एकाच खणात सुखानं नांदत होते. पहिला तीनशे वर्षांपूर्वीचा राजवैद्य. राजा बरा झाला, आणि हा त्याच दुखण्यानं गेला. दुसऱ्यानं समुद्राच्या नकाशात नसलेलं एक बेट काढून ठेवलं आणि लोक शंभर वर्षं ते शोधत बसले. तिसरा पहिलवान, चौथा गवई, आणि पाचवा दुभाष्या. त्याच्या भाषांतरामुळे म्हणे दोन फौजा न लढताच घरी गेल्या. नाव सोडलं तर या पाचांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. कोशानं त्यांना जन्माच्या क्रमानं आकडे देऊन ठेवले होते, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

भानगड होती ती सहाव्याची.

सहावा डॉक्टर. पहिल्या आवृत्तीत त्याच्याबद्दल छापलं होतं: ‘साथीच्या वेळी सुरुवातीचे चार महिने छावणीत राहून यांनी रुग्णांची रात्रंदिवस शुश्रूषा केली. पुढे औषधांचा सरकारी साठा घेऊन ते पळून गेले. मृत्यूची तारीख उपलब्ध नाही.’

ही तीन वाक्यं कचेरीतल्या टाचणीकाकांना झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता आली असती. कारण पहिलं वाक्य त्यांच्या बापाचं होतं. दुसरं भलत्याच माणसाचं. त्याच छावणीत त्याच नावाचा आणखी एक डॉक्टर होता, वयानं थोडा लहान. पळाला तो. टाचणीकाकांचा बाप कुठंही गेला नाही. तो तिथंच राहिला, साथीनंच गेला, आणि त्याला छावणीमागच्या खड्ड्यात इतरांबरोबर पुरलं.

पण कोशाचा नियम असा, की नाव, गाव आणि धंदा तिन्ही जुळले की दोन्ही कार्डांना एक टाचणी मारायची. टाचणी बसली की माणूस एक. ती काढायची तर दोन कागदी पुरावे हवेत, आणि नातेवाइकाची साक्ष त्यात धरायची नाही. कुणा थोर संपादकानं तो नियम केला, आणि तो करून स्वतः मजेत मरून गेला.

हा नियम राबवायचं काम एकतीस वर्षं टाचणीकाकांकडे होतं. म्हणून तर ते नाव पडलं. त्यांनी ही नोकरी धरलीच होती बापाची टाचणी काढायला. आणि नशिबाची थट्टा बघा, इतरांच्या टाचण्या मारता मारता बोटांना घट्टे पडले, बापाची मात्र निघाली नाही. एक पुरावा होता. छावणीच्या मृतांच्या वहीत तारखेनिशी नाव होतं. पण संपादकबाई म्हणायच्या, “पळालेला माणूस परत येऊन मेला नसेल कशावरून?” दुसरा पुरावा हवा होता तो एवढाच, की त्या तारखेनंतर पळालेला माणूस जिवंत होता. तेवढंच काय ते सापडत नव्हतं.

आणि आता वेळच संपली होती. नव्या आवृत्तीतला या नावाच्या अक्षराचा खंड आज पाच वाजता बंद व्हायचा होता. त्यानंतर कचेरीला टाळं. तिसरी आवृत्ती कुणी काढणार नव्हतं.

घरी टाचणीकाकांची थोरली बहीण होती, अक्का. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची आणि हा पाळण्यात. आई वर्षाच्या आत गेली. अक्कानं त्याला वाढवलं, शिकवलं, आणि स्वतः लग्नाविना राहिली, कारण पळपुट्या डॉक्टरची मुलगी कुणाला हवी होती? शाळेत नाव घेतलं की पोरं घाण आल्यासारखी नाक दाबायची. ती त्र्याहत्तर वर्षांची होती आणि गेल्या महिन्यापासून अंथरुणाला खिळली होती. तपासायला येणाऱ्या डॉक्टरनं कालच याला दाराशी नेऊन सांगितलं होतं, महिना काढला तरी खूप. सकाळी निघताना अक्का एवढंच म्हणाली, “आज ना रे?”

“आज,” हा म्हणाला, आणि जिना उतरताना कठड्याला धरून उभा राहिला.

सकाळपासून त्यानं सगळे खण पुन्हा पालथे घातले. जहाजांच्या उतारूंच्या याद्या पाहिल्या, त्या आधीही चारदा पाहिलेल्या. तीन वाजले तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं. बापाला या जन्मी आपण सोडवत नाही, हे त्यानं मनाशी कबूल करून टाकलं आणि रिकाम्या खणाकडे बघत बसून राहिला.

सव्वातीनला एक बाई आली. पंचेचाळिशीची, पांढरे बूट, दवाखान्यात जाता जाता आलेली. नर्स होती. तिनं पर्समधून एक घडी काढली. पहिल्या आवृत्तीतलं पान होतं, घड्यांवर फाटलेलं, मागून पट्ट्या चिकटवलेलं.

“हे माझे आजोबा,” ती म्हणाली. “सहावे.”

टाचणीकाकांनी रिकामा खण ढकलून बंद केला.

“पुढचं काय केलं ते आम्हाला ठाऊक आहे हो,” ती म्हणाली. “आई ते नाकारत नाही. पण हे पहिलं वाक्य आहे ना, त्यावर तिनं जन्म काढला. माणूस घाबरला, पळाला, पण चार महिने तर राबला? मला नर्स केलं ते या एका वाक्यापायी. नवीन आवृत्ती निघतेय असं कळलं, म्हणून हे आणलंय. त्यांनी परमुलखातून आजीला पाठवलेलं पत्र. त्यात पश्चात्तापाचं लिहिलंय. घालाल का दोन शब्द?”

त्यानं पाकीट घेतलं. पत्र वाचलंच नाही. नजर गेली ती टपालाच्या शिक्क्यावर. शिक्का स्वच्छ होता. बाप खड्ड्यात गेला त्यानंतर एक वर्ष आणि सात महिन्यांची तारीख.

मेलेला माणूस पत्र टाकत नाही. एकतीस वर्षं जे शोधलं, ते असं पांढऱ्या बुटांनी चालत आलं होतं. त्यानं तारीख पुन्हा एकदा वाचली.

तिला सांगायला हवं होतं. बाई, हे पत्र आत गेलं की टाचणी निघेल, आणि ते पहिलं वाक्य तुझ्या आजोबांचं राहणार नाही. सांगितलं असतं तर ती पाकीट उचलून चालती झाली असती, आणि तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

“याचा उपयोग होईल ना?” तिनं विचारलं.

“होईल,” तो म्हणाला. “ठेवून जा.”

तिनं पोच घेतली, चिठ्ठीवर घरचा फोन नंबर लिहिला. “माझी आज संध्याकाळची पाळी आहे, पण आई घरीच असते. तिला जरा कळवाल? ती वाटच बघत बसेल.” जाताना तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तो म्हातारा जो धावला. संपादकबाईंनी भिंग लावून शिक्का पाहिला, वहीतली तारीख पाहिली, आणि सही करताना म्हणाल्या, “एकदाची काढलीत हो टाचणी.” टाचणी गंजून कार्डात रुतली होती, नखानं उपसावी लागली. खाली छापखान्यात फोरमन खवळला. “पाचला वीस कमी आहेत आणि तुम्ही मला नवीन माणूस आणून देताय? आकडे बदला, ओळी सरकवा, माझ्या शिशाच्या खिळ्यांना काय पाय आहेत?” पण त्यानं जुळवलं. शिव्या घालत, पण जुळवलं.

‘सहावा: साथीच्या वेळी छावणीत राहून रुग्णांची रात्रंदिवस शुश्रूषा केली. त्याच साथीत छावणीतच मृत्यू.’

‘सातवा: त्याच छावणीतील डॉक्टर. औषधांचा सरकारी साठा घेऊन पळून गेले. पुढे परमुलखात वास्तव्य.’

पश्चात्तापाला जागा उरली नाही. फोरमन म्हणाला, ओळ भरली.

सहाच्या सुमारास तो ओलं प्रूफ घेऊन घरी पोचला. अक्काला उशीला टेकवून बसवलं आणि वाचून दाखवलं. ती पुन्हा वाच म्हणाली. त्यानं पुन्हा वाचलं. पाचव्यांदा वाचल्यावर तिनं कागद मागून घेतला आणि बाबांच्या नावावरून बोट फिरवलं. शाई बोटाला लागली, ती तिनं पुसली नाही. ती रडायला लागली तसा तोही रडला. चौसष्ट वर्षांचा माणूस, बहिणीच्या पायाशी बसून.

बऱ्याच वेळानं अक्का म्हणाली, “आणि हा सातवा. त्याचं कुणी आहे का रे?”

नाही म्हणायचं, असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. पण अक्काशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

“मुलगी आहे. तुझ्याच वयाची असेल. तिच्या लेकीनंच पत्र आणून दिलं.”

“त्यांना ठाऊक आहे?”

“नाही.”

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी चोरून काही खाल्लं की असंच बघायची. “मग कळव,” ती म्हणाली. “छापलेलं बघून कळू नये. मला तसंच कळलं होतं.”

फोन अक्काच्या खाटेशेजारीच होता. त्यानं नंबर फिरवला. कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव केली: बाई, एक चूक होती, ती दुरुस्त झाली. तिकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“कोशवाले का?” आवाज म्हातारा होता, पण त्यात केवढा उत्साह. “लेक म्हणाली तुम्ही फार चांगले आहात. झालं का हो बाबांचं?”

“झालं,” तो म्हणाला.

“वाचता का जरा? मला दिसत नाही आता. वाचा ना, मी ऐकतेय.”

त्यानं तोंड उघडलं. सातव्याच्या दोन ओळी समोर होत्या, अक्काच्या मांडीवर. त्या बाईचा श्वास कानात येत होता.

“साथीच्या वेळी,” तो म्हणाला, “सुरुवातीचे चार महिने छावणीत राहून यांनी रुग्णांची रात्रंदिवस शुश्रूषा केली.”

अक्कानं मान वर केली.

“हं,” तिकडून आवाज आला. “पुढे? असू द्या, पुढचंही वाचा. खरं ते खरं.”

“पुढे औषधांचा सरकारी साठा घेऊन ते पळून गेले.”

बहिणीच्या देखत, स्वतःच्या तोंडानं, त्यानं बापाला पुन्हा पळवलं. त्याला अक्काकडे बघवेना. “नंतर त्यांना फार पश्चात्ताप झाला,” त्यानं पुढं जोडून दिलं. असं वाक्य कोशात कुठंच नव्हतं. तिकडे म्हातारी हुंदके देत होती, आभार मानत होती, पुस्तक आलं की लेकीकडून दहादा वाचून घेईन म्हणत होती. त्यानं फोन ठेवला.

आता अक्का काय म्हणेल याची त्याला धास्ती वाटत होती, आणि तिनं काहीच म्हटलं नाही तर त्याहून जास्त.

“पुस्तक कधी येतंय?” शेवटी तिनं विचारलं.

“बांधणी धरून चार महिने.”

अक्कानं मनाशी हिशेब केला. स्वतःचा तिला ठाऊक होता. डॉक्टर दाराशी कुजबुजला तरी तिचे कान शाबूत होते.

“तिची तब्येत कशी वाटली रे?”

“आवाज तर खणखणीत होता,” तो म्हणाला.

अक्कानं प्रूफाची घडी घातली, उशीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

“फार ठणठणीत नसली तर बरं,” ती म्हणाली.