गोल झाला की अडकते

पापणी लवते तेव्हा वरची पापणी खालच्या पापणीला टेकते आणि मगच वर जाते. खारूची टेकत नव्हती. बुबुळाच्या मध्यापर्यंत यायची, थरथरायची आणि अर्ध्यावरूनच परत फिरायची. बुबुळ थोडं वर सरकलेलं. दुधाने भरलेला चमचा तोंडाच्या अलीकडे थांबला होता, पण दूध सांडत नव्हतं, म्हणजे हाताची पकड तशीच होती. मग पापण्या थांबल्या, चमचा तोंडात गेला आणि खारू म्हणाली, "मला अजून साखर."

त्याआधी ती शाळेतल्या एका भांडणाबद्दल सांगत होती. ते भांडण अर्धवटच राहिलं.

"मग? कोणी ढकललं तिला?" आईने विचारलं.

"कोणाला?"

"तंद्री लागते तिला," टोस्टला लोणी लावत आजी म्हणाली. "बापावर गेलीय. तोही असाच घास तोंडात धरून बसायचा. मी पाठीत धपाटा घातला की गिळायचा."

आईने साखरेचा डबा पुढे ओढला. विद्यापीठात तिचा विषय शरीरक्रियाशास्त्र होता. विचारात हरवलेल्या मुलाची पापणी अशी हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. या हलण्याला काय म्हणतात हेही ठाऊक होतं. तो शब्द जिभेवर आला की ती दुसरं काहीतरी बोलायची. दप्तर भरलंस का, नखं वाढलीत, बूट पुस.

ती आणि तिचा नवरा एकाच ठिकाणी कामाला होते. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दंतवैद्याच्या दवाखान्याशेजारी, फोनवर खेळायचा एक फुटबॉलचा गेम तयार व्हायचा. त्याचं नाव 'टप्पा गोल'. एका बाजूला तीन खेळाडू, डोकी कलिंगडाएवढी, बटणं दोनच. नियम जवळपास नाहीतच. नवरा चित्रं हलवायचा. ती खेळणाऱ्यांची मतं वाचायची, म्हणून ऑफिसात तिला 'मतमोजणी' म्हणत. मालक सगळ्यांचे वाद मिटवायचा, त्याला 'रेफरी'. आणि गेममध्ये कुठे काही तुंबलं की ते मोकळं करणाऱ्या मुलीला 'प्लंबर'.

मतांचे चार कप्पे होते: कौतुक, शिव्या, सूचना आणि अडकणं. शिव्यांचा कप्पा सगळ्यांचा लाडका होता. कोणी लिहायचं, 'गोलकीपर अगदी माझ्या मेहुण्यासारखा. समोर उभा असतो, उपयोग शून्य.' कोणी, 'वडील एका बोटाने मला हरवतात आणि दुसऱ्या हाताने पेपर वाचतात. त्यांच्यासाठी गेम अवघड करा.' कौतुकाच्या कप्प्यात मात्र बहुतेक एकच गोष्ट असायची. गोल झाला की मैदान लाल-पांढरं लखलखायचं आणि जाळं पेटल्यासारखं दिसायचं. ती चमक तिच्या नवऱ्याने केली होती. तिचं नाव त्याने ठेवलं होतं 'झगमग'. 'झगमगसाठीच गोल मारतो,' असं लोक लिहीत.

अडकण्याच्या तक्रारी ती प्लंबरकडे पाठवायची. या महिन्यात त्या वाढल्या होत्या.

"ताई, माझ्या सगळ्या फोनवर लोण्यासारखा चालतोय गं," प्लंबर म्हणायची. "गोलनंतर अडकतो म्हणे. मी बोटं झिजेपर्यंत गोल मारले. एकदाही अडकला नाही. आणि हे वाच ना. 'हाक मारली तरी ऐकत नाही.' लोक फोनला हाका मारायला लागले!"

त्यावर दोघी हसल्या होत्या.

त्या सकाळी कामावर आल्यावर तिने आदल्या दिवसाची उत्तरं उघडली. एका बाईने लिहिलं होतं, 'गोल झाला की अडकते. थोड्या वेळाने आपोआप नीट.' तिने नेहमीचं ठरलेलं उत्तर दिलं होतं: 'तसदीबद्दल क्षमस्व. कृपया बंद करून पुन्हा सुरू करून पाहा.'

खाली त्या बाईचं उत्तर आलं होतं.

'गेम नाही हो ताई. पोरगी अडकते.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग अडकण्याचा अख्खा कप्पा उघडला.

मराठीत कर्ता गाळला तरी अडत नाही, क्रियापद सांभाळून घेतं. ऑफिसात गेम पुल्लिंगी होता, पण बाहेर कोणी 'तो गेम' म्हणे, कोणी 'ती गेम'. त्यामुळे 'अडकतो' आणि 'अडकते' दोन्ही एकाच कप्प्यात पडत आले होते, आणि कोण अडकतं हे कोणी विचारलं नव्हतं. आता तिने प्रत्येक वाक्यात फोनच्या जागी मूल ठेवून पाहिलं.

'गोल झाल्यावर अडकतो, हाक मारली तरी ऐकत नाही.' 'मध्येच थांबते, हलवलं की चालू होते.' 'लाल-पांढरं झालं की बंद पडल्यासारखा होतो, पडदा झाकला की ठीक.'

सगळीच वाक्यं तशी नव्हती. काही खरोखर फोनबद्दलच होती, कारण लोकांनी फोनची नावं दिली होती. पण ज्यांनी नावं दिली नव्हती, त्या प्रत्येक वाक्यात मूल अगदी बेमालूम बसत होतं.

तिची बोटं गार पडली. भीतीने रक्त आत ओढलं जातं म्हणून बोटं गार पडतात, हे ती शिकली होती. शिकल्याने ती गरम होत नव्हती.

ती उठून नवऱ्याच्या टेबलाशी गेली. तो पुढच्या आवृत्तीच्या कामात होता. ती उद्याच लोकांच्या फोनवर जाणार होती.

"ये ये, बघ. महाझगमग," तो म्हणाला. "आता नुसतं मैदान नाही, प्रेक्षकसुद्धा चमकणार. पडद्याचा एक कोपरा सुटत नाही."

त्याने बटण दाबलं. तिने पडद्याऐवजी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या गालांवर लाल, पांढरं, लाल, पांढरं असं पडत होतं, इतकं भरभर की ते मोजता येत नव्हतं.

"किती वेगाने उघडझाप होते ही?"

"डोळ्याला मजा येईल इतक्या." तो हसला. "अगं, आधीची झगमग खारूनेच पास केलीय. तिच्यासारखा परीक्षक नाही. गोल झाला की बघतच राहते. तोंडातून शब्द फुटत नाही पोरीच्या."

तिच्या घशात वाक्य तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. ते बोललं की घरात तो शब्द येणार होता, आणि एकदा आला की पाहुण्यासारखा जाणार नव्हता. शिवाय हा माणूस आयुष्यभर स्वतःला विचारत राहिला असता, माझ्याच हाताने का?

"चहा घेणार?" तिने विचारलं.

"घेऊ की."

तिने चहा आणला. स्वतःचा कप तिने ओठाला न लावता तसाच ठेवून दिला.

संध्याकाळी घरी आल्यावर तो बूट काढता काढताच ओरडला, "खारूताई, नवा माल आलाय!" खारू धावत येऊन त्याच्या मांडीवर बसली. आजी पलीकडे भाजी निवडत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत्ताच फोन काढून घ्यावा, असं तिला वाटलं. पण त्याच वेळी आपलं चुकत असेल, एकदा नीट पाहिलं तर चुकतंय हे कळेल, असंही वाटलं. प्रयोग करताना माणूस असा लालचावतो. इथे तर मूल होतं. ती दोन पावलं पुढे झाली तोवर खारूने गोल मारला होता.

महाझगमग झाली.

खारूचा अंगठा बटणावरून उठला आणि हवेत राहिला. बुबुळं वर सरकली. पापण्या अर्ध्यापर्यंत येऊन थरथरू लागल्या. पडद्यावर पुढचा डाव सुरू झाला, समोरच्यांनी चेंडू पळवला, आणि तरीही अंगठा खाली आला नाही.

"बघ, बघ, कशी हरखलीय!" नवरा म्हणाला.

"खारू," आईने हाक मारली. "खारू!"

तिने पुढे होऊन तळहाताने पडदा झाकला. खारूच्या ओठांनी दोनदा चावल्यासारखं केलं. मग तिने मान वर करून आईकडे पाहिलं, रागाने.

"काय गं आई! हात काढ ना. मला गोल मारायचाय."

"मारलास की आत्ता," बाप म्हणाला.

"मी कुठे मारला?"

"अगं, आत्ता! एवढी झगमग झाली!"

"खोटं. बाबा चीटिंग करतात." खारूने पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे समोरच्यांचाही एक गोल लागला होता. "हा कोणी मारला?"

बाप हसायला लागला. आजीही हसली. "हरलेलं कबूल करायला नको म्हणून नाटकं सगळी. बापाची शाळा!"

"पुरे आता," आई म्हणाली आणि तिने फोन उचलला. आवाज इतका कोरडा निघाला की नवऱ्याने वळून पाहिलं. "डोळे दुखतील," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

सकाळी खारूला शाळेत सोडताना रस्ता ओलांडायचा होता. समोरून बस येत होती, तशी ती रोजच यायची. आईला एकदम दिसलं की या पांढऱ्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये, हे पोर जर थांबलं तर ते सांडणारही नाही, पडणारही नाही, नुसतं उभं राहील.

"आई, हात दुखतोय," खारू म्हणाली.

शाळेच्या फाटकाशी तिने हात सोडला, तेव्हा मुलीच्या मनगटावर तिच्या बोटांच्या खुणा होत्या. आत जिना होता. खारू त्यावरून उड्या मारत चढली. शेवटची पायरी येईपर्यंत आईने श्वास घेतला नाही.

ऑफिसात नवी आवृत्ती सोडण्याआधी मतं मोठ्याने वाचायची पद्धत होती. सगळे लांब टेबलाभोवती बसत, रेफरी खेळण्यातली शिटी वाजवी आणि ती वाचायला लागे. तिने आधी शिव्या वाचल्या. मेहुण्याच्या मतावर टेबल हादरेपर्यंत हसणं झालं. एकाने लिहिलं होतं, 'पंचाला चष्मा द्या, मी वर्गणी काढतो.'

"माझ्यावर आहे हे," रेफरी म्हणाला. "पुढे. झगमगबद्दल?"

तिने कौतुक वाचलं. नवऱ्याने खोटंखोटं लाजून कॉलर ताठ केली.

"मग महाझगमग सोडू या आज दुपारी," रेफरी म्हणाला. "प्लंबरबाई, काही तुंबलंय?"

"काही नाही. अडकणाऱ्या सगळ्यांना ताईने बंद करून चालू करायला सांगितलंय."

पुन्हा हसू. रेफरीने शिटी तोंडाशी नेली.

"एक राहिलंय," ती म्हणाली. आणि तिने वाचलं, "गोल झाला की अडकते. थोड्या वेळाने आपोआप नीट." मग खालचं वाचलं. "गेम नाही हो ताई. पोरगी अडकते."

कोणी हसलं नाही, पण कोणाला कळलंही नव्हतं. तिने पुढचं वाचलं, आणि त्यापुढचं. 'हाक मारली तरी ऐकत नाही' वाचताना प्लंबरने हातातलं पेन खाली ठेवलं.

"अगं आई गं," प्लंबर पुटपुटली. "मी यावर हसले होते."

"थांबा, थांबा," रेफरी म्हणाला. "मुलांना काहीतरी होतं आणि ते आपल्या गेममुळे, हे कोण म्हणतं?"

"आपल्यामुळे आजार होत नाही. तो आधीच असतो, लपलेला. अशा उघडझापीने तो वर येतो. सगळ्यांच्यात नाही. थोड्यांच्यात."

"थोड्यांच्यात. दोन-चार मतांवर मी आख्खी आवृत्ती अडवू? लोक याच चमकेसाठी खेळतात, तूच वाचलंस आत्ता. त्या बाईने स्वतः डॉक्टरला विचारलंय का? तू पाहिलंयस कोणाला असं होताना?"

हा प्रश्न रास्त होता. तिने स्वतःही तोच विचारला असता.

ती नवऱ्याकडे वळली. कॉलर अजून ताठ होती, पण चेहऱ्यावरचं हसू निघून गेलं होतं. तो तिच्याकडे असा पाहत होता, जणू या खोलीत दुसरं कोणीच नाही.

"काय झालंय?" त्याने घरातल्या आवाजात विचारलं. "काल फोन का काढून घेतलास तू?"

तिने टेबलाची कड धरली आणि जे वाक्य कितीतरी दिवस घशाशी ठेवलं होतं, ते कर्ता न गाळता बोलली.

"खारूला फिट येतात. काल तुझ्या मांडीवर आली, आणि सकाळी दूध पिताना गेमशिवायही येते. ती तंद्री नाही. मी आत्ता शाळेतून तिला आणायला निघतेय, तिथून तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार आहे, तू बरोबर चल. आणि ती चमक आज सुटणार नाही, आधीची आहे तीही आजच काढायची."