बुरुजामागची खुंटी

समुद्राकाठच्या जुन्या बुरुजावर माझे बाबा तीस वर्षं पहारेकरी. मी त्याच खात्यात मोजणीदार. बापाचं काम तपासायला लेकीलाच धाडलं, यात साहेबांना काही गैर वाटलं नाही, कारण तिथवर तंगडतोड करायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

काम सोपं. बुरुजाच्या पायाशी, समुद्राच्या बाजूला, एक लोखंडी खुंटी ठोकलेली. दर महिन्याला तिच्यापासून कड्याच्या टोकापर्यंत टेप धरायची आणि आकडा कळवायचा. बाबांचा आकडा सात वर्षं अकरा मीटर. तो तक्त्यात मीच भरायचे. सगळा किनारा खचत असताना आमचाच कडा जागच्या जागी कसा, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. बाप आहे म्हटल्यावर डोळे झाकून लिहिलं.

पायाशी खुंटी नव्हतीच. बुरुजाला वळसा घातला, तर ती मागे, बाबांच्या खोलीच्या मोरीपाशी सापडली. तिथून कडा बरोबर अकरा मीटर. मधे अख्खा बुरूज.

"ही चालत आली का इथे?"

बाबा कपबशा विसळत होते. "थोडी थोडी सरकवली. पाचाच्या खाली गेलं की टाळं ठोकतात म्हणे. मला हलवलं असतं. मग या बुरुजाकडे कोण बघणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टाळं ठोकतात हे खरं होतं. पण टाळं ठोकून पुढे दगडांचा बांध घालतात. पाचाच्या खाली गेलं की बांध. तिनाच्याही आत गेलं की बांध नाही, नुसते फोटो आणि नकाशे काढून ठेवायचे. नियम ऑफिसच्या भिंतीवर लावलेला होता. बाबांना तो कोणी सांगितला नव्हता. मी तरी कुठे सांगितला?

खऱ्या जागेवरून टेप धरली. दुसरं टोक बाबांनी धरलं. दोन मीटर चाळीस.

"मग आता येईल ना बांध?"

"गेल्या वर्षी आला असता, बाबा. तेव्हा आपल्या तक्त्यात अकरा होते. दगड दुसरीकडे गेले."

"म्हणजे बैल गेला आणि झोपा केला."

"झोपाही करणार नाहीत."

बाबांनी टेप गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाले, "साडेतीन लिही की. एवढी वर्षं मी लिहिलं, एकदा तू लिही."

लिहिलंही असतं. नोकरी गेली तरी चाललं असतं मला. "दगडाची गाडी उभी राहायला तीन मीटर जमीन लागते, बाबा. लिहिल्याने जमीन होत नाही."

मी दोन चाळीस लिहिलं. खाली पहारेकऱ्याची सही लागते, ती त्यांनी केली. मी कॅमेरा काढला तसे ते उठले आणि माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेले.

"समुद्राकडून नको काढू, तिथे ढासळलाय. इथून काढ. इथून अजून चांगला दिसतो."