शेवटची पाव फेरी

मित्रांनो, तुमच्या बोटांना जशी पेन्सिलची सवय असते, तशी एका माणसाच्या हाताला माझी सवय आहे. मी एक जुना रिंग पाना आहे, एकोणीस नंबरचा. मोटारीच्या चाकांचे नट सोडायचे आणि पुन्हा आवळायचे, एवढंच मला येतं. पण ते मला उत्तम येतं. माझा मुलामा ठिकठिकाणी उडाला आहे, नंबरातला नऊ झिजून शून्यासारखा दिसतो आणि मधोमध, जिथे तळहात टेकतो, तिथे मी अगदी गुळगुळीत झालो आहे. स्वभावाने मी पहिल्यापासून चुळबुळ्या. पेटीत पडून राहिलो की मला करमत नाही. आणि ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी तर माझा जीव नुसता वरखाली होत होता.

माझा जन्म तसा दणक्यातच झाला. पोलादाचा एक तुकडा भट्टीत लालबुंद केला, साच्यावर ठेवला आणि वरून घण घातला. मग तेलात बुडवून मला कडक केलं, घासलं, चकचकीत केलं आणि एका हत्यारांच्या दुकानात भावंडांच्या रांगेत टांगलं. तिथे एक दिवस एक तरुण मिस्त्री आला. त्याने मला हातात तोललं, कानाजवळ नेलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाला, "हा द्या." पाना विकत घेताना त्याचा आवाज ऐकणारा माणूस मी तेव्हापासून दुसरा पाहिला नाही.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड. पण लोक लांबून यायचे. कारण मिस्त्रींच्या हातून आवळलेला नट कधी सैल झाला नाही. त्यांची एक पद्धत होती. आधी नट बोटांनी फिरवायचा, मग माझ्याने आवळायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने. सगळे बसले की श्वास रोखून प्रत्येकाला शेवटची पाव फेरी द्यायची. त्या पाव फेरीला माझ्या अंगातून जी कळ जायची, ती अजून आठवते. तिथेच सगळी कारागिरी होती.

त्यानंतर यायची रेघ. मिस्त्री आगकाडी पिवळ्या रंगाच्या डबीत बुडवायचे आणि नटावरून थेट चाकाच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ ओढायचे. नट जरासा जरी फिरला, तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांना चुकतात आणि लांबूनही कळतं. रंगाची ती डबी धरायला त्यांची लेक बसायची, तेव्हा ती एवढीशी होती. थोडी मोठी झाल्यावर रेघ ओढायचं काम तिच्याकडे आलं. मिस्त्री मागून बघत म्हणायचे, "सरळ ओढ गं. वाकडी रेघ सरकली की नाही, कळत नाही." आणि ती जीभ दातांत धरून रेघ ओढायची.

ती डबीवाली आज शाळेची व्हॅन चालवते. अकरा मुलं तिच्या व्हॅनमध्ये बसतात आणि तिला व्हॅनताई म्हणतात. मिस्त्रींचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केलं. एकेक हत्यार कुणाकुणाला देऊन टाकलं. मला मात्र ठेवलं, कारण एक गाडी त्यांनी सोडली नव्हती. दर सुट्टीच्या सकाळी लेकीची व्हॅन घरासमोर उभी राहायची आणि आम्ही दोघं, मिस्त्री आणि मी, तिची चारही चाकं तपासायचो. रेघाही आता मिस्त्रीच ओढायचे.

आणि इथेच, मित्रांनो, माझी झोप उडाली. साधारण वर्षभरापूर्वी मिस्त्रींचा हात थरथरू लागला. आधी कपातला चहा बशीत सांडायचा, मग शर्टाची बटणं चुकू लागली. घरात कुणी काही बोललं नाही. पण नटावर बसलेला मीच ना! नट बोटांनी फिरायचा, माझ्याने आवळला जायचा, मिस्त्री श्वासही रोखायचे, पण शेवटची पाव फेरी यायची नाही. नुसता प्रयत्न यायचा. नट आवळून झाला असं समजून मिस्त्री उठायचे आणि मी ओरडू शकत नव्हतो. अकरा मुलं त्या चाकांवर बसून जायची.

याहून एक विचित्र गोष्ट होती. पुढच्या सुट्टीला आम्ही चाकं तपासायला बसायचो, तेव्हा नट आम्ही ठेवले होते त्यापेक्षा पाव फेरी पुढे गेलेले असायचे! नट सैल होतात, हे मला ठाऊक आहे. पण आपले आपण घट्ट होणारे नट मी जन्मात पाहिले नव्हते. म्हणजे आमच्यामागून कुणीतरी दुसऱ्या पान्याने हात फिरवत होतं. कोण, ते मला समजायला वेळ लागला नाही. पण मिस्त्रींना याचा पत्ता नाही, असं मी धरून चाललो होतो. रेघांकडे मी कधी लक्ष दिलं नाही. तो आगकाडीचा प्रांत.

अशातच शाळेचं पत्र आलं. जुन्या व्हॅन पुढच्या वर्षापासून चालणार नाहीत. व्हॅनताईने खूप हिशेब-बिशेब केले आणि नवी व्हॅन घ्यायचं ठरवलं. व्हॅन ठरली, रंग ठरला, आणि शेवटच्या सह्यांसाठी बापलेक शोरूमला निघाले. मिस्त्रींनी मला पँटच्या मागच्या खिशात खोचलं. लेक म्हणाली, "बाबा, पाना कशाला? नवी गाडी आहे." ते म्हणाले, "असू दे." बस्स, एवढंच.

शोरूममध्ये सगळीकडे काच. मिस्त्री खुर्चीत टेकले तसा मी त्यांना टोचलो, म्हणून त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं. टेबलही काचेचंच. असा काही ठण्णकन आवाज झाला की समोरच्या बाईंच्या हातून पेन सुटलं. त्या बाई गाडीच्या कागदपत्रांचं बघत. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. आधी त्यांनी टेबलाची काच बघितली, मग मला बघितलं आणि मग मिस्त्रींना.

"काका, हे?"

"सवय आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला उचलून मांडीवर घेतलं.

बाईंनी एक घडीचा कागद उलगडला. नव्या गाडीची पहिली तीन वर्षं कंपनीची हमी असते, काही बिघडलं तर कंपनी बघते. ती हमी आणखी चार वर्षांनी वाढवून मिळते. त्याला एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात. वेगळे पैसे भरायचे, आणि आजच भरले तर ते कमी भरावे लागतात.

व्हॅनताई काही भोळी नाही. तिने खोदून खोदून विचारलं. टायर त्यात येतात का? नाही. ब्रेकचे पॅड? झिजणारं काहीच येत नाही. मग इंजिन, गिअर, स्टिअरिंग? ते सगळं येतं. मुलांनी आत काही सांडलं, सीट फाडली तर? बाई हसल्या आणि म्हणाल्या की त्याला जगात कुठेच हमी नाही.

"आणि अट काय?" लेकीने विचारलं.

"अट एकच, पण कडक. सगळं काम आमच्याच वर्कशॉपमध्ये. बाहेरच्या मिस्त्रीने इंजिनाला, गिअरला हात लावला की हमी संपली. सातही वर्षं."

मिस्त्री हे मान खाली घालून ऐकत होते. अंगठा माझ्या गुळगुळीत जागेवरून पुढे-मागे फिरत होता. "तीन वर्षांनी मी एकाहत्तर," ते स्वतःशीच पुटपुटले. "सात वर्षांनी पंच्याहत्तर." हे गणित बाईंना कळलं नाही. मला आणि लेकीला कळलं. तीन वर्षं म्हणजे थांबायचं. सात वर्षं म्हणजे संपलंच.

आता माझी अवस्था काय सांगू! लेकीने नाही म्हणावं असं मला वाटत होतं, कारण नाही म्हटलं तर आज ना उद्या ती गाडी आमच्या हाताखाली येणार होती. मी गंजलो नसतो. आणि तिने हो म्हणावं असंही मला वाटत होतं, कारण माझ्या मालकाच्या हातात काय उरलं आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आज नट नीट बसत नाहीत, मग तीन वर्षांनी स्टिअरिंगचं काम कसं जमणार? मिस्त्रींची मांडी हलत होती, तिच्यावर मी हलत होतो, बाईंचं पेन टेबलावर टकटक करत होतं आणि लेक तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती. कॉफी आली. तिला कुणी हात लावला नाही.

शेवटी लेकीने कागदाची घडी घातली. "नको," ती म्हणाली. "आमच्या घरात मिस्त्री आहे."

किती ऐटीत म्हणाली! वर्षभरापूर्वी हे वाक्य ऐकून मी चमकलो असतो. त्या दिवशी मला धडकी भरली. ती खोटं बोलत होती, बापाचं मन राखायला, आणि त्या खोट्याची किंमत पुढे त्या अकरा मुलांना मोजावी लागली असती.

मिस्त्री एकदम उठले. बाईंना वाटलं, काकांना पाणी हवं. पण ते मला घेऊन सरळ मधोमध उभ्या असलेल्या नव्या व्हॅनकडे गेले, गुडघा धरत खाली बसले आणि पुढच्या चाकाच्या नटावर त्यांनी मला बसवलं. शोरूममधला एक विक्रेता "अहो, अहो!" करत धावला. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी जोर लावला. नट तसूभरही हलला नाही. कारखान्यातल्या यंत्राने आवळलेला नट तो. पूर्वी असले नट आम्ही एका झटक्यात सोडवले आहेत.

लेक मागून आली. "बाबा, काय करताय? उठा."

"हा मला सुटत नाही," ते म्हणाले. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "आपल्या गाडीच्या चाकांवरच्या रेघा कोण ओढतं गं?"

लेकीने त्यांना उठवायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"गेलं वर्षभर माझी एकही रेघ सरळ आलेली नाही. हात ऐकतच नाही. आणि दर सुट्टीला बघतो तर गाडीवर सगळ्या रेघा सरळ. पट्टीने आखल्यासारख्या."

मित्रांनो, तेव्हा रेघांचं कोडं मला उलगडलं. ती आमच्यामागून नट आवळायची, आमची मोडलेली रेघ पुसायची आणि नवी ओढून ठेवायची, म्हणजे बापाला संशय येऊ नये. पण लहानपणी शिकवलं होतं तशीच ओढायची. वाकडी ओढायचं तिला सुचलं नाही. बापाने घालून दिलेल्या धड्यानेच तिची चोरी पकडली.

"कधीपासून कळलंय तुम्हाला?" तिने विचारलं.

"सहामाही परीक्षेपासून."

"मग बोलला का नाही?"

"तू तरी कुठे बोललीस?" मिस्त्री म्हणाले. "मला लाज वाटली. नट घट्ट आहेत, मागे तू आहेस, म्हणून रेटत राहिलो. पण आज तू माझ्यासाठी त्या कागदाला नाही म्हणालीस. मुलांच्या जिवावर माझा मान नको मला. जा, सही कर."

लेक तिथेच फरशीवर त्यांच्या शेजारी बसली आणि रडली. विक्रेता बिचारा इकडेतिकडे बघत उभा राहिला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? माझं काम गेलं होतं. पण कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला.

सही झाली. सात वर्षं. बाई कागद लावून ठेवत होत्या, तेव्हा मिस्त्रींनी हळूच विचारलं, "बाई, चाकाचे नट घरी तपासले, तर हमी जाते?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "छे हो काका. ते तर मालकाने तपासायलाच हवेत. पुस्तकात लिहिलंय."

"किती नंबरचा पाना लागतो?" मिस्त्रींनी विचारलं. खरं तर ते नुकतेच मला बसवून आले होते.

आता नवी व्हॅन घरासमोर उभी असते. तिचं इंजिन मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पण दर सुट्टीच्या सकाळी लेक मला हातात घेते. तिचा हात पहिल्यांदा लागला तेव्हा मी दचकलोच. नट बसतो, ती श्वास रोखते, आणि ती शेवटची पाव फेरी, जी माझ्या अंगातून कधीची गेली नव्हती, ती पुन्हा येते. शेजारी स्टुलावर मिस्त्री बसलेले असतात, हातात पिवळी डबी आणि आगकाडी घेऊन. लेक नट आवळून बाजूला सरकते आणि ते रेघ ओढतात. एक रेघ ओढायला त्यांना बराच वेळ लागतो. शाळेतली मुलं विचारतात, "व्हॅनताई, चाकावर कुणी गिरगटलंय?" ती म्हणते, "आमच्या मिस्त्रींनी तपासल्याची खूण आहे ती."

मित्रांनो, माझ्यासारख्या हत्यारांना महिन्यातून एकदा तेलाचं बोट लावा, ओलं तसंच टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण तुमच्या घरातला एखादा हात थरथरू लागला असेल, तर त्याच्या मागून गुपचूप दुरुस्ती करत राहू नका. शेजारी बसा, जड काम तुम्ही घ्या आणि त्याला झेपेल ते त्याच्याकडे राहू द्या. आमच्या व्हॅनच्या चाकांवरच्या सगळ्या रेघा आता वाकड्या आहेत. लेकीने त्यातली एकही पुसलेली नाही.