बिनचाकांचा पिट्ठू

मी एक जुना पिट्ठू आहे. पिट्ठू म्हणजे पाठीवर घ्यायची कॅनव्हासची मोठी पिशवी. आमच्या जबलपुरात फौजेची आणि फॅक्टऱ्यांची माणसं फार, म्हणून हा शब्द घरोघरी आहे. माझा रंग एके काळी हिरवा होता. आता कोणी त्याला मातीचा म्हणतं, कोणी शेणाचा. म्हणू द्या. मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. आज मी मान वर करून बोलणार आहे.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी इथल्याच गोरखपुर भागातल्या बाजारात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक म्हातारे कारागीर बसत. त्यांच्यापुढं एक दिवस अठरा वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. तिचं नाव गीतांजली. ती कॉलेजात एनसीसीत होती आणि उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी तिची निवड झाली होती. तिनं वहीच्या पानावर माझं चित्रच काढून आणलं होतं. इथं मोठा कप्पा, इथं पाण्याची बाटली, इथं दोरासाठी कड्या. म्हाताऱ्यानं चष्म्यातून चित्र पाहिलं आणि विचारलं, "बिटिया, पहाड़ पे जाओगी?"

"हाँ, बाबा. मज़बूत बनाना."

त्यानं मला दुहेरी दोऱ्यानं शिवलं. असा माझा जन्म डोंगरासाठी झाला.

पण गीतांजलीचे वडील, बाबाराव, भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी जबलपुरात आलेले, तोलून मापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी कोर्सचं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "डोंगरावर काहून जायचं? डोंगरावर काय ठेवलं आहे?" विषय संपला. गीतांजलीनं मला पाठीवर चढवलं, आरशात एकदा पाहिलं आणि खुंटीला टांगलं.

पुढं तिचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर सासरी आलो. तिचे यजमान दिवाकर इथल्याच एका फॅक्टरीत गाड्यांचे ब्रेक तपासायच्या कामावर होते. पस्तीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत ब्रेक तपासले आणि घरातही तेच काम चालू ठेवलं. माणूस वाईट नाही. फक्त कुठलीही गोष्ट सुटायच्या आधी थांबते की नाही, हे त्यांना आधी पाहायचं असतं.

त्या घरात मी काय नाही वाहिलं! चक्कीवरचे गहू वाहिले. हिवाळ्यात पनागरहून मटार आणले, तेही ठासून. सुमेधचा जन्म झाला तेव्हा दवाखान्यात दुपटी आणि थर्मास माझ्यातूनच गेला. भेड़ाघाटच्या सहलीला पुऱ्यांचा डबा माझ्यातच. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "सुनेनं माहेराहून पिशवी काय आणली, गडीच आणला." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण मटार भरताना माझ्या कड्या रिकाम्या लटकायच्या. त्या कड्या दोरासाठी होत्या, आणि दोर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

मग घरात चाकांच्या बॅगा आल्या. मला माळ्यावर टाकलं. तिथं उंदरानं माझा एक बंद कुरतडला. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. धूळ मोजून काय करायचं?

गेल्या वर्षी गीतांजली टेलिफोन खात्यातून रिटायर झाली. घरी बसल्या बसल्या तिनं फोनवर एक व्हिडिओ पाहिला. किर्गिझस्तान नावाचा देश, जिकडं तिकडं डोंगर. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या गुरंमेंढरं घेऊन हिंडत आली आहेत. उन्हाळा आला की काही कुटुंबं अजूनही वरच्या कुरणात नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं, गोल घर उभारतात, आणि थंडी पडली की उतरवून घोड्यावर लादतात. व्हिडिओत एक बाई होती, गीतांजलीच्याच वयाची, डोक्याला रुमाल. तिनं घर लादलं आणि सगळ्यांच्या पुढं घोडा काढला.

गीतांजलीनं तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. म्हणाली, "आणि आपलं कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला तीन दिवाळ्या लागल्या."

दुसऱ्याच दिवशी तिनं पासपोर्टचा अर्ज भरला.

सुमेध बंगलोरला असतो. तो व्हिडिओ कॉलवर हसत सुटला. "मम्मी, किर्गिझस्तान? ये कोई जगह है घूमने की? मी तुला बालीचं पॅकेज करून देतो. पूल आहे, नाश्ता आहे."

"पोहायला मला नर्मदा आहे," गीतांजली म्हणाली. "मला घोड्यावर बसून सोंग-कुल नावाच्या तळ्यावर जायचं आहे. तीन दिवस लागतात."

दिवाकरांनी पेपर खाली ठेवला. "घोड्यावर? तू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना व्हिसा लागत नाही, मला लागतो. फोटो काढायला चला."

किर्गिझस्तानात घोड्यांच्या सफरी चालवणारी एक बाई होती. गीतांजलीनं शब्दकोश घेऊन तिला इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं ते साधं होतं. वय चालेल. पण चार तास खोगिरावर बसता आलं पाहिजे. आणि सामान मऊ पिशवीत हवं. चाकांची बॅग घोड्याला टोचते, ती आणू नका.

ते शेवटचं वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं, स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घातला. मित्रांनो, तो हात मी अंधारातही ओळखला.

मग सुरू झाली तयारी. पहाटे ती माझ्यात दहा किलो गहू भरायची आणि मदनमहालची टेकडी चढायची. पहिल्या दिवशी निम्म्यावर बसली. पंधराव्या दिवशी वर पोचली. सकाळी फिरायला येणारे लोक विचारायचे, "आंटीजी, इसमें क्या है?" ती म्हणायची, "सामान है. घर से निकली हूँ." लोक गोंधळायचे.

घोड्याचा प्रश्न तिनं कसा सोडवला ते ऐका. शहरात वराती नेणारे एक घोडीवाले आहेत, विक्कीभैया. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या. मार्चच्या मध्यापासून खरमास लागतो, लग्नं बंद असतात आणि घोड्या नुसत्या उभ्या असतात. गीतांजली तिथं जाऊन उभी राहिली.

"मला चार तास बसायला शिकवा."

विक्कीभैयांनी कान खाजवला. "दीदी, ये बिजली है. इस पे सिर्फ दूल्हे बैठे हैं."

"तर आता दुल्हन बसेल," ती म्हणाली आणि रिकीब शोधू लागली.

बिजली गुणी होती, पण तिचं शिक्षण बँडच्या मागं झालेलं. रस्त्यावर एखाद्या ट्रकनं सुरातला हॉर्न दिला की ती नाचायला लागायची. आठव्या दिवशी तसंच झालं. गीतांजली खाली आली. मी तिच्या पाठीवर होतो, म्हणून पाठ वाचली. उजवं मनगट मात्र सुजलं.

घरी दिवाकर दारातच उभे होते. कॉलनीत बातमी तिच्या आधी पोचली होती. कोणीतरी हसून म्हणालं होतं, "भाभीजी की बारात निकली." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "झालं? फिटली हौस?"

"लगाम डाव्या हातात धरायचा असतो," ती म्हणाली. "डावा धड आहे."

दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून ती पुन्हा बिजलीवर चढली.

आता जे घडलं ते सांगताना मला आजही राग येतो. व्हिसा आला, तिकिटं झाली आणि निघायला बारा दिवस उरले. ती बँकेत गेली असताना गल्लीत कबाडीवाला ओरडत आला. दिवाकरांनी रद्दीबरोबर मला त्याच्या गाडीवर टाकलं. माझ्याकडं पाहिलंही नाही.

कबाड्याच्या गोदामात मी फुटक्या कूलरांखाली पडलो होतो. तिथं सगळे गप्प होते. मी मात्र नव्हतो. मी प्रत्येक टाक्यानं ओरडत होतो, पण कॅनव्हासचा आवाज कोणाला ऐकू येतो?

तासाभरानं, गल्लीत विचारत माग काढत ती आली आणि दारात तिचा आवाज ऐकू आला. "हरे रंग का पिट्ठू. कहाँ है?"

"माताजी, तौल हो गया. अब नहीं निकलेगा, बहुत नीचे है."

"अच्छा," ती म्हणाली. तिनं पदर खोचला आणि कूलर उचलायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्याला कबाडीवाल्याला लाज वाटली आणि तो पुढं झाला.

घरी आल्यावर तिनं मला जेवायच्या टेबलावर, दिवाकरांच्या पेपरावरच ठेवलं.

"काहून दिला तुम्ही?"

"फाटका होता. सुमेधनं नवी बॅग पाठवली आहे ना, चाकांची."

"अहो, माझ्याकडं बघून बोला."

त्यांनी बघितलं नाही. "तिथं काही झालं तर? भाषा येत नाही. डोंगरात डॉक्टर कुठून येईल? मी इथं काय फोन धरून बसू?"

"बसा. तुमच्या बायपासच्या वेळी मी अकरा दिवस बाकड्यावर बसले होते. कोणाला विचारलं नाही, मी काय करू म्हणून." तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "डॉक्टरनं उंचीवर जायची मनाई तुम्हाला केली आहे, मला नाही. बाबांनी नाही म्हटलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते, गप्प बसले. आता एकसष्टची आहे. आताही गप्प बसले, तर बोलू कधी?"

मग दिवाकर हळूच म्हणाले, "मला भीती वाटते, गीता."

"मलाही वाटते. तरी मी जाऊन राहिली आहे."

दिवाकर उठले आणि त्यांनी आपली हत्यारांची पेटी आणली. उंदरानं कुरतडलेला बंद कापून टाकला, गाडीच्या सीटबेल्टची जाड पट्टी जोडली, पितळेची कडी बसवली. मग ब्रेक तपासतात तशी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गीतांजलीनंही ओढून पाहिली.

"अजून एक टाका घाला," ती म्हणाली.

त्यांनी घातला. मी त्यांना माफ केलं का? अर्धं केलं. उरलेलं अर्धं त्यांनी स्टेशनवर मिळवलं. गाडी सुटायच्या वेळी सुमेधचा फोन आला, "मम्मी, अजूनही बघ, कॅन्सल करता येतं." दिवाकरांनी तो फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हणाले, "ती बसली गाडीत. आता कुणी थांबवायचं नाही."

दिल्लीहून विमान, विमानतळाबाहेर थंड वारा, मग डोंगर. तळ्याच्या वाटेवर मला घोड्याच्या पाठीवर बांधलं आणि माझ्या कड्यांतून दोर गेला. होय मित्रांनो, दोर! खिंडीत गारा पडल्या. गीतांजली दोनदा घसरली, एकदा रडली, आणि घोड्यावरून उतरली नाही. तळं दिसलं तेव्हा तिनं सगळ्यांच्या पुढं घोडा काढला.

आता मी परत जबलपुरात आहे. अंगाला घोड्याच्या घामाचा वास आहे आणि गीतांजलीनं मला धुवायला साफ नकार दिला आहे. तुमच्यापुढं एकच मागणं ठेवतो, आणि ते हात जोडून नाही, छाती काढून. जपणं म्हणजे गुंडाळून माळ्यावर ठेवणं नव्हे. आमचा टाका उसवला तर घाला, कडी गंजली तर तेल द्या, आणि ज्या कामासाठी आम्हाला केलं त्या कामावर धाडा. झिजलो तर झिजू. तो आमचा हक्क आहे.

आणि तुमच्या घरात एखादी आजी असेल, मावशी असेल, तर तिला विचारा, "तुला कुठं जायचं होतं?" उत्तर ऐकून हसू नका. नकाशा आणा.